दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर मिळालेली नोकरी

६ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, कॅन्सस सिटी चीफ्स स्वतःच्या मैदानावर टेनेसी टायटन्सकडून २२-२१ असे हरले. मध्यंतराला ते २१-३ असे पुढे होते. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात त्यांना एकही गुण करता आला नाही. पास झेलणारा हुकमी खेळाडू ट्रॅव्हिस केल्सी डोक्याला मार लागून बाहेर गेला होता हे खरं, पण त्या हंगामात अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावलेला करीम हंट मैदानावरच होता. आघाडी राखायची तर चेंडू अशा माणसाच्या हाती द्यायचा आणि घड्याळ पळू द्यायचं, हे अमेरिकेतल्या शाळकरी पोरालाही कळतं. तरी दुसऱ्या अर्ध्यात हंटकडे चेंडू फार थोड्या वेळा गेला. त्या अर्ध्यातले सगळे प्ले, म्हणजे आक्रमणाचे डाव, मीच दिले होते, असं चीफ्सचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारे सहायक प्रशिक्षक) मॅट नॅगी यांनी पुढे स्वतःच सांगून टाकलं. तोवर ते शिकागो बेअर्सचे हेड कोच झालेले होते. पराभव आणि बढती यांत दोन दिवसांचं अंतर होतं.

नॅगींच्या रिकाम्या खुर्चीवर एरिक बिएनिमी आले. २०१८ ते २०२२ असे पाच हंगाम ते तिथे होते. या काळात पॅट्रिक महोम्स चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, झाला आणि संघाने दोन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले. दरवर्षी जानेवारीत बिएनिमींच्या मुलाखती होत. मिळून डझनाहून अधिक झाल्या. हेड कोचची नोकरी मात्र एकानेही दिली नाही. कारण दर वेळी तेच पुढे केलं जाई: प्ले तर हेड कोच अँडी रीड ठरवतात आणि चेंडू महोम्स फेकतो, मग यांचं त्यात काय?

हे कारण चुकीचं नाही. उलट, कुठल्याही उमेदवाराला विचारावा असा हा पहिला प्रश्न आहे. पण तो याच खुर्चीवरून २०१६ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे हेड कोच झालेल्या डग पीडरसनना अडला नाही, नॅगींनाही अडला नाही. त्यांच्या बाबतीत रीडच्या हाताखाली काम केलं हीच पात्रता ठरली. बिएनिमींच्या बाबतीत तीच गोष्ट उणीव झाली. पीडरसन आणि नॅगी गोरे, बिएनिमी कृष्णवर्णीय. हा योगायोग असेलही, पण ज्या लीगला रूनी नियम करावा लागला तिथे योगायोग सिद्ध करण्याचं ओझं संघमालकांवर असायला हवं. स्टीलर्स संघाचे मालक डॅन रूनी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम २००३ पासून आहे. हेड कोचच्या पदासाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, अशी त्याची सुरुवात होती. २०२० मध्ये तो कोऑर्डिनेटरच्या पदांनाही लागू झाला. नियमाने मुलाखती वाढल्या. मुलाखतीत मोजायचं काय, याबद्दल नियम गप्प आहे. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची निवड आज मुख्यतः एका आकड्यावर होते: मागच्या संघाने किती गुण केले, किती यार्ड काढले, लीगमध्ये कितवा क्रमांक आला. हा आकडा उमेदवाराचा नसतो. तो क्वार्टरबॅकचा, ओ-लाइनचा (त्याचं रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या फळीचा), हेड कोचचा, वेळापत्रकाचा आणि उरलाच तर थोडा उमेदवाराचा असतो. गुणपत्रिकेवर नाव एकाचं आणि पेपर पाच जणांनी मिळून सोडवलेला, असा हा प्रकार. माझ्या मते पाहायची गोष्ट वेगळीच आहे: हाती कमी होतं, किंवा ठरवलेलं फसलं, तेव्हा या माणसाने काय बदललं?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधीपूर्वी साधारण चाळीस सेकंद असतात. तेवढ्यात कोऑर्डिनेटर शेकडो प्लेंच्या यादीतून एक निवडतो आणि हेल्मेटमधल्या स्पीकरवरून क्वार्टरबॅकला सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो संपर्क आपोआप तुटतो. एका सामन्यात हे साठ-पासष्ट वेळा घडतं. क्रिकेटचा प्रशिक्षक ड्रेसिंग रूमच्या गॅलरीत बसून फलंदाजाला प्रत्येक चेंडू कसा खेळायचा ते सांगत नाही. इथे नेमकं तेच काम आहे. शिवाय ते काम काही संघांत हेड कोच स्वतःकडे ठेवतो आणि कोऑर्डिनेटर आठवडाभर तयारी करून देतो. बाहेरून दोन्ही पदांचं नाव एकच दिसतं.

या फरकाकडे काणाडोळा केल्याची किंमत डेन्व्हर ब्रॉन्कोजने मोजली. नेथॅनिएल हॅकेट २०१९ ते २०२१ ग्रीन बे पॅकर्सचे कोऑर्डिनेटर होते. तिथला क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स २०२० आणि २०२१ असा लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्ले मॅट लफ्लोर देत होते, म्हणजे हेड कोच. डेन्व्हरने हॅकेटना २०२२ साठी हेड कोच नेमलं. पहिल्याच सामन्यात सिएटलमध्ये एका गुणाने मागे असताना, चौथ्या संधीवर पाच यार्ड हवे असताना, त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनच्या हातातून चेंडू काढून ६४ यार्डांवरून किक मारायला लावली. ती चुकली, सामना १७-१६ असा गेला. हंगामात ब्रॉन्कोजचे गुण लीगमध्ये सर्वांत कमी भरले आणि नाताळाच्या दुसऱ्या दिवशी हॅकेट घरी बसले. मग पुढच्याच महिन्यात जेट्सने त्यांना ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केलं, कारण जेट्सना रॉजर्स हवा होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जेट्सनेही प्ले देण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. एकाच खेळाडूच्या पुण्याईवर एका माणसाला दोनदा नेमलं गेलं. बिएनिमींना अडवणारा प्रश्न इथे कुणाच्या मनात आला नसेल?

आता उलटं उदाहरण. ब्रायन डेबॉल २००९ आणि २०१० मध्ये क्लीव्हलँडचे, २०११ मध्ये मायामीचे, २०१२ मध्ये कॅन्सस सिटीचे कोऑर्डिनेटर होते. त्या शेवटच्या वर्षी चीफ्सनी १६ सामन्यांत २११ गुण केले, लीगमध्ये सर्वांत कमी, आणि फक्त दोन सामने जिंकले. चार वर्षांत तीन नोकऱ्या. आकड्यांवर गेलं तर या माणसाला पुन्हा हेडसेट देऊ नये. पण त्यांच्याकडे क्वार्टरबॅक कोण होते ते पाहा: ब्रेडी क्विन, डेरेक अँडरसन, मॅट मूर, मॅट कॅसल. (क्विनची गाठ तर क्लीव्हलँड आणि कॅन्सस सिटी, दोन्हीकडे पडली, नशीब म्हणतात ते हेच.) नंतर डेबॉल पेट्रियट्सकडे परतले, एक वर्ष अलाबामा विद्यापीठात गेले आणि २०१८ मध्ये बफेलो बिल्सने त्यांना आणलं. तिथे जॉश अ‍ॅलन नावाचा कच्चा, ताकदवान पोरगा क्वार्टरबॅक होता. पहिल्या वर्षी त्याचे ५२.८ टक्के पास पूर्ण झाले, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. यात अ‍ॅलनची मेहनत आहे, २०२० मध्ये आलेला, पास झेलणारा स्टेफॉन डिग्ज आहे. डेबॉलचा वाटा नेमका किती, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दर वर्षी त्या पोराला पेलेल तेवढंच देत, ओझं हळूहळू वाढवत नेणारा कुणीतरी तिथे होता, एवढं तर दिसतंच. मागच्या संघांच्या क्रमांकांत हा गुण सापडला नसता.

केलन मूर यांची गोष्ट मात्र मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात सगळ्यांचीच फजिती होते. डॅलस काउबॉइजने २०१९ मध्ये त्यांना कोऑर्डिनेटर केलं तेव्हा त्यांचं वय तीस होतं आणि त्यांनी आयुष्यात प्ले दिलेले नव्हते. त्या वर्षी काउबॉइज यार्डांमध्ये लीगमध्ये पहिले आले आणि सामने जिंकले आठ, हरले आठ. २०२१ मध्ये गुणांतही पहिले. २०२२ नंतर हेड कोच माइक मॅकार्थी यांनी प्ले स्वतःकडे घेतले, मूर बाहेर पडले. कोऑर्डिनेटरला धावफलक पेटवायचा असतो, मला मात्र चेंडू घेऊन धावायचं आहे आणि बचावाला विश्रांती द्यायची आहे, अशा अर्थाचं मॅकार्थी तेव्हा जाहीरपणे बोलले. झालं, मूर यांच्यावर शिक्का बसला: पास-वेडा. पुढे काय झालं? २०२३ मध्ये धावू इच्छिणाऱ्या मॅकार्थींच्या डॅलसने लीगमध्ये सर्वाधिक, ५०९ गुण केले. त्यांचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याने सर्वाधिक, ३६ टचडाउन पास फेकले. आणि २०२४ मध्ये पास-वेड्या मूर यांच्या फिलाडेल्फिया ईगल्समध्ये सेक्वॉन बार्कली २,००५ यार्ड धावला.

मूर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सकडे होते. तिथलं वर्ष वाया गेलं, क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्टचं बोट मोडलं, हेड कोचला हंगाम संपायच्या आत काढलं गेलं. त्या एका वर्षाच्या आकड्यांवर ईगल्सने मूरना दारातूनच परत पाठवलं असतं, तर ते कुणालाही वावगं वाटलं नसतं.

मी फिलाडेल्फियाच्या पट्ट्यात राहतो. इथे या विषयावर मत नसलेला माणूस सापडत नाही; मराठी मंडळाचा कार्यक्रम रविवारी दुपारी ठेवला तर नाटकाच्या पहिल्या अंकात अर्ध्या प्रेक्षागृहाचे फोन उजळलेले असतात. म्हणून २०२४ चा तो हंगाम मला तपशिलात आठवतो. पहिल्या चार सामन्यांत दोन जय, दोन पराजय. टँपा बेने तर ३३-१६ असं झोडपलं. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स चेंडू घालवत होता. पाचव्या आठवड्यात ईगल्सना सुट्टी होती. त्यानंतर संघ बदलला. पास कमी झाले, बार्कली आणि ओ-लाइन पुढे आले, हर्ट्सने धोका पत्करणं सोडलं. उरलेल्या तेरा सामन्यांपैकी बारा जिंकले आणि ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सना ४०-२२ असं हरवलं. हे सगळं मूर यांच्या एकट्याच्या डोक्यातून निघालं असं मी म्हणत नाही. हेड कोच निक सिरियानी त्या निर्णयात होते, आणि ती ओ-लाइन २०१३ साली आलेल्या ओ-लाइन कोच जेफ स्टाउटलंड यांनी घडवलेली होती. पण ज्याच्या नावावर पासचं लेबल होतं त्याने ते मुकाट्याने काढून ठेवलं. अहंकार असलेल्या धंद्यात ही लहान गोष्ट नाही.

ईगल्सनीच याच्या आधी आणि नंतर, असं दोनदा, उलट केलं. २०२२ मध्ये शेन स्टाइकन यांच्या प्लेंवर संघ सुपर बोलपर्यंत पोचला, स्टाइकन इंडियानापोलिस कोल्ट्सचे हेड कोच झाले, आणि ईगल्सने क्वार्टरबॅक कोच ब्रायन जॉन्सन यांना वर घेतलं. सुरुवात दहा जय, एक पराजय. मग शेवटच्या सहापैकी पाच हरले आणि प्लेऑफमध्ये टँपा बेकडून ३२-९. बचावपटू हर्ट्सवर घोळक्याने तुटून पडत होते, त्याला झटकन चेंडू सोडायला जागा मिळत नव्हती आणि आठवड्यामागून आठवडे त्यावर उत्तर सापडत नव्हतं. गंमत अशी की ज्या जानेवारीत ईगल्सने जॉन्सनना काढलं त्याच जानेवारीत दुसरे संघ त्यांची हेड कोचसाठी मुलाखत घेत होते. आकडेवारीत ते अजून चांगल्या ऑफेन्सचे शिल्पकार होते ना!

दुसरी वेळ २०२५ ची. मूर न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे हेड कोच झाले, ईगल्सने पुन्हा आतलाच माणूस घेतला: केव्हिन पटुलो. बार्कलीचे यार्ड घसरले, आक्रमण आठवडेच्या आठवडे अडून राहिलं. नोव्हेंबरात बेअर्सकडून हरल्यावर कुणीतरी पटुलोंच्या घरावर अंडी फेकली, ज्याची लाज शहराला वाटायला हवी. २०२६ च्या जानेवारीत फोर्टीनाइनर्सकडून प्लेऑफमध्ये हरल्यावर पटुलोंना पदावरून दूर केलं गेलं.

यावरून काही जण असा नियम काढतात की आतल्या माणसाला बढती देऊच नये. मला तो पटत नाही. डेट्रॉइट लायन्सने २०२२ मध्ये टाइट एंडच्या (अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या खेळाडूंच्या) कोचला, बेन जॉन्सनना, आतूनच वर घेतलं होतं. रॅम्सने टाकून दिलेला क्वार्टरबॅक जेरेड गॉफ त्यांच्या वाट्याला आला होता. गॉफ पळू शकत नाही. जॉन्सननी त्याला कधी पळायला लावलं नाही. धावणाऱ्याकडे चेंडू दिल्याची हूल द्यायची, भक्कम ओ-लाइनच्या आड त्याला उभं ठेवायचं आणि मधल्या पट्ट्यात पास फेकायचा, हे त्याला जमत होतं. ऑफेन्स त्याभोवती उभं केलं. २०२४ मध्ये लायन्सचे ५६४ गुण झाले, लीगमध्ये सर्वाधिक. जॉन्सन बेअर्सकडे गेल्यावर, २०२५ च्या मध्यावर डेट्रॉइटमध्ये हेड कोच डॅन कँपबेल यांना प्ले देण्याचं काम नव्या कोऑर्डिनेटरकडून काढून स्वतःकडे घ्यावं लागलं. ओ-लाइनमधला सेंटर फ्रँक रॅगनाउ निवृत्त झाला होता, हेही लक्षात घ्या. पण कोऑर्डिनेटरने काही फरक पडत नाही, सगळा क्वार्टरबॅकचा खेळ, असं म्हणणाऱ्यांनी डेट्रॉइटची ती दोन वर्षं शेजारी ठेवून बघावीत.

फरक आतला-बाहेरचा हा नाही. ईगल्सने २०२३ आणि २०२५ मध्ये चाललंय ते चालू ठेवणारा माणूस निवडला. चाललेलं थांबलं की असा माणूस काय करतो, हे कुणी तपासलेलं नव्हतं. निदान मैदानावर तसं दिसलं नाही.

मग तपासायचं कसं? पहिल्या पंधराएक प्लेंची यादी सामन्याआधीच लिहून ठेवायची, ही पद्धत फोर्टीनाइनर्सचे कोच बिल वॉल्श यांच्यामुळे रूढ झाली. म्हणजे पहिल्या सत्रातलं आक्रमण आठवडाभराच्या अभ्यासाचं असतं, त्यात सगळ्या स्टाफचा हात असतो. यादी संपते, समोरच्याने आपला डाव ओळखलेला असतो, मध्यंतरात त्यानेही बदल केलेले असतात, तेव्हा तिसऱ्या सत्रात जे दिसतं ते कोऑर्डिनेटरचं. उमेदवाराला त्याच्या विजयाची चित्रफीत दाखवायला सांगू नका. तो हरलेल्या सामन्याचं तिसरं सत्र लावा आणि प्रत्येक प्लेला थांबवून विचारा: इथे तुला काय दिसलं, काय द्यायचं मनात होतं, हेड कोचने अडवलं का, क्वार्टरबॅकने मैदानावर ऐनवेळी बदललं का? खरंच काम केलेला माणूस इथे बारीकसारीक सांगत सुटतो. दुसऱ्याच्या सावलीत उभा असलेला माणूस तत्त्वज्ञान सांगू लागतो.

आणि प्ले दिलेलेच नाहीत अशा उमेदवाराचं काय? त्याला त्यावरून बाद करू नये. १९९९ मध्ये ईगल्सचे मालक जेफ्री लुरी यांनी ग्रीन बेच्या एका क्वार्टरबॅक कोचला हेड कोच केलं. तो एनएफएलमध्ये कधी कोऑर्डिनेटरही नव्हता. मुलाखतीला येताना तो वर्षानुवर्षांच्या टिपणांची जाडजूड फाइल घेऊन आला होता. तो माणूस अँडी रीड. रीडनी एनएफएलमध्ये कधी प्ले दिलेले नव्हते, तरी काय करणार हे त्यांना बारकाव्यानिशी सांगता आलं आणि लुरींना ते ऐकता आलं.

याच मापाने बिएनिमींना मोजलं तर निकाल त्यांच्या चाहत्यांना रुचणार नाही. २०२३ मध्ये वॉशिंग्टनने त्यांना कोऑर्डिनेटर केलं, प्ले पूर्णपणे त्यांच्या हाती होते. क्वार्टरबॅक सॅम हाउएल, पाचव्या फेरीत निवडलेला, दुसऱ्याच वर्षाचा. ओ-लाइन कमजोर. अशा पोराने त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक, ६१२ पास फेकले, सर्वाधिक २१ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला आणि ६५ वेळा तो पाडला गेला. चार सामने जिंकले, तेरा हरले. हाती कमी असताना ओझं कमी करायला हवं होतं; ते झालं नाही. मी संघमालक असतो तर या हंगामाबद्दल बिएनिमींना फार कठोर प्रश्न विचारले असते. पण ही परीक्षा त्यांना चीफ्सबाहेर पडल्यावर, पाच वर्षं उशिरा, सर्वांत वाईट सामग्रीवर द्यावी लागली. नॅगींनी तर ही परीक्षा नोकरी मिळण्याच्या दोनच दिवस आधी, भर प्लेऑफमध्ये, नापास होऊन दिली होती, आणि बेअर्सने त्यांना तरीही संधी दिली. पहिल्या वर्षी १२ सामने जिंकून नॅगी वर्षातले सर्वोत्तम कोच ठरले. मुद्दा नॅगींना संधी द्यायला नको होती असा नाहीच. एका वाईट अर्ध्याच्या पलीकडे पाहण्याची जी उदारता त्यांच्या वाट्याला आली ती पाच चांगल्या वर्षांनंतरही दुसऱ्याच्या वाट्याला आली नाही, हा आहे.

आकड्यांवर विसंबणारे म्हणतील, मुलाखतीत गोड बोलणारे फसवतात, आकडे फसवत नाहीत. गोड बोलणारे फसवतात हे मान्य. म्हणूनच खेळाडूंना विचारावं, सोडून गेलेल्या सहायकांना विचारावं. आणि आकडे पाहायचेच तर शहाणे आकडे पाहावेत: मुख्य खेळाडू जखमी झाल्यावरच्या आठवड्यांतले, मागे पडल्यावरचे, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यातले. हे आकडे सगळ्या संघांकडे आहेत; विश्लेषकांच्या फौजा पगारावर आहेत.

अडचण नेमणूक करणाऱ्याच्या बाजूला अधिक आहे. सिरियानी २०२१ मध्ये ईगल्सचे हेड कोच झाले ते कोल्ट्सचे कोऑर्डिनेटर म्हणून, आणि तिथे प्ले फ्रँक रायक देत होते. ईगल्समध्ये त्यांनी पहिल्याच हंगामाच्या मध्यात प्ले स्टाइकन यांच्याकडे सोपवले. त्यानंतर ब्रायन जॉन्सन, मूर, पटुलो. यशस्वी झाला की हेड कोच होऊन जातो, फसला की काढला जातो. दोन्ही वाटांनी खुर्ची रिकामीच. अशा खुर्चीसाठी पुढचा उमेदवार समोर बसेल तेव्हा त्यानेही उलटे प्रश्न विचारावेत: प्लेबुक माझं की तुमचं? हर्ट्सला न आवडणारी गोष्ट त्याला सांगायची वेळ आली तर माझ्या मागे कोण उभं राहील? पाचव्या आठवड्यात सगळं बदलावंसं वाटलं तर परवानगी कुणाची घ्यायची? ही उत्तरं त्याला पहिल्या भेटीत मिळाली नाहीत, तर त्याने दुसऱ्या संघाचा फोन उचलावा.